पडवीतलं पोस्ट

बुधवारी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी मी टपालाच्या थैलीच्या तोंडावर लाख ओतत होते, तेव्हा पडवीच्या पायरीशी दोन माणसं येऊन थांबली. पुढे साठीकडे झुकलेला बाप, डोक्याला टॉवेल, पँट पोटरीपर्यंत दुमडलेली. मागे विशीतली मुलगी. दोघांत छत्री एकच, आणि ती मुलीनं फायलीवर धरलेली. माणसं चिंब, फाईल कोरडी.

"पोस्टमास्तर कोण हायेत?" बापानं विचारलं.

"आत आहेत. काय काम?"

"गावात एखादी खोली मिळंल का, बगा ताई. सकाळी सातपासून फिरायलोत. अठ्ठावीस घरं झाली. माणसं चांगली हायेत, पाणी देतेत, बसा म्हणतेत. कशासाठी पायजे इचारतेत. पोस्टासाठी म्हणलं, की म्हणतेत, न्हाई बगा, तिथं भात ठिवलाय. सगळ्या गावाचा भात एकाच येळंला कसा काय ठिवला म्हणायचा?"

मुलगी पुढे आली. "मयूरी शिवलिंग बिराजदार. इथल्या शाखा डाकपालपदी माझी निवड झालीय."

ते नाव मला माहीत होतं. महिन्यापूर्वी यादी लागली तेव्हा तालुक्याच्या पोस्टातून फोटो आला होता, आणि मोबाइलवर बोटांनी मोठं करून मी ते चार वेळा वाचलं होतं. जिल्हा लातूर. दहावी, अठ्ठ्याण्णव पूर्णांक चार टक्के. त्या जागेसाठी मीही अर्ज केला होता. माझे एक्कावन्न पूर्णांक तेहेतीस. आमच्या वेळी एक्कावन्नाला वाडीत पेढे वाटले होते, पण यादी वर्ष बघत नाही. मुलाखत नाही, ओळख नाही, अनुभव नाही; दहावीचे गुण, बस.

"बसा," मी म्हटलं. "बाराच्या एसटीला थैली द्यायचीय. येतेच."

थैली देऊन परत आले तर मयूरी पडवीत उभी राहून सगळं बघत होती. वजनकाटा, शिक्क्याचं पॅड, भिंतीला टेकवलेली लाल पेटी, टेबलावर ते नवं हातात धरायचं मशीन. टेबलामागच्या खुर्चीवर मात्र बसली नव्हती. ते मला आवडलं, आणि आवडलं म्हणून रागही आला.

"दिवस किती राहिले?" मी विचारलं.

"शुक्रवार शेवटचा. तीस दिवसांतले सव्वीस कागद तपासण्यात गेले. गावात राहायला आलंच पाहिजे आणि ऑफिसला जागाही मीच दाखवायची. शुक्रवारी जागा नसेल तर हजर करून घेणार नाहीत."

शुक्रवार, एकतीस ऑगस्ट. त्याच दिवशी माझ्या सासऱ्यांची, म्हणजे गंगाराम शिवगण पोस्टमास्तरांची, पासष्ट पूर्ण होत होती. चाळीस वर्षं या पडवीतून त्यांनी पोस्ट चालवलं. दुपारी चारला चार्ज द्यायचा होता. घ्यायला कोणी असेल तर.

"सायकल येते?" मी विचारलं.

"येते. लिहून दिलंय."

"इथं सायकल फक्त फॉर्मात चालते." मी अंगणापलीकडे हात केला. जांभ्या दगडाची पाखाडी वर चढत गेली होती, एकशे साठ पायऱ्या. "नऊ वाड्या. सगळ्या अशाच."

पायऱ्या बघून बापाचं तोंड उतरलं. मग त्यानं हळूच विचारलं, "ताई, एक इचारू? पेन्शन हाय का ह्याला?"

"नाही. ग्रामीण डाक सेवकाला खात्यातल्या माणसासारखी पेन्शन नाही. शेवटी एकरकमी मिळते, ग्रॅच्युइटी थोडी, विमा. दिवसाचं काम चार-पाच तासांचं, म्हणून पोटाला दुसरं काहीतरी असावं असं खातंच म्हणतं. वर्षाला वीस दिवस भरपगारी रजा. बाळंतपणाला सहा महिने. काही वर्षं झाली की खात्याची परीक्षा देता येते, पोस्टमन, मग कारकून. तिथून पुढं खरी नोकरी."

"मग ही कशाची म्हणायची?"

"बाबा," मयूरी म्हणाली, "ही पहिली पायरी म्हणायची."

"एकशे साठ हायेत माय," बाप म्हणाला. पण हसला.

मी विचारलं, "रजेच्या दिवशी काम कोण करतं, ठाऊक आहे?"

"बदली माणूस द्यावा लागतो. आपणच. नियम वाचलेत मी."

"बदली माणसाला पुढं काय मिळतं?"

तिनं क्षणभर आठवलं. "काही नाही. हक्क सांगता येत नाही."

"बरोबर वाचलंस," मी म्हटलं. "आज इथंच जेवा. खोलीचं मी उद्या सांगते."

गावानं भात कुठे ठेवला होता ते मला ठाऊक होतं. रविवारी देवळात गावकी बसली होती. पोस्ट बाहेरच्या माणसाच्या हाती जाऊ द्यायचं नाही, कोणी खोली द्यायची नाही, मुदत संपली की पोरगी आपोआप परत जाईल आणि जागा शिवगणांच्या सुनेला मिळेल, असं ठरलं. ठराव माझ्यासाठी होता. मला कोणी विचारलं नव्हतं. बायका गावकीत बसत नाहीत.

संध्याकाळी गावकीचे गावकर, म्हणजे प्रमुख, रावजी गोताड आले. मयूरी आणि तिचे वडील मागच्या पडवीत होते.

"वैनी, ती लातूरवाली तुमच्याकडं जेवली म्हनं?"

"जेवली. उपाशी पाठवायचं असं ठरलं होतं का?"

"तसं नाय वो. पन गावानं तुमच्यासाठी तोंड वाईट केलान् आनि तुमी तिलाच पंगतीला बसवताव? दोन दिस कळ काढा. शुक्रवार गेला की पोस्ट तुमचं."

"कसं?"

"आता कसं म्हंजे? ती गेली की तुमी."

"रावजीभाऊ, आपल्या एका जागेला किती अर्ज होते, विचारलंत कोणाला?"

मी विचारलं होतं. खामकर ओव्हरसीयरांनी, म्हणजे आमच्या शाखा तपासायला येणाऱ्या साहेबांनी, आठ दिवसांपूर्वी चौकशी करून आकडा आणला होता.

"माझ्यापुढे एकशे अकरा आहेत," मी म्हटलं. "एकेकाला तीस दिवसांची मुदत. सगळ्यांना असंच हाकललंत तर नऊ वर्षं दीड महिना लागतो. आज मी बेचाळीस. वयाची अट संपायला एक वर्ष आहे. आणि तोवर खातं वाट बघत बसेल? जागाच मिळत नाही म्हटल्यावर आपलं पोस्ट खालच्या गावाला जोडतील. नऊ किलोमीटर. जाईल तुमची आई पैसे काढायला?"

"ते मंग बघू."

"मग नाही. आता बघा."

रावजी उठले. पायरीवर थांबून म्हणाले, "गावकीचा शब्द हाय, वैनी. मोडलाव तर शिमग्याला पालखी ह्या अंगनात थांबायची नाय. मी सांगून ठेवतंय."

आमच्याकडे शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते. ज्याच्या अंगणात ती थांबत नाही, त्या घराकडे वर्षभर लोक कसे बघतात ते मी पाहिलं होतं. मी काही बोलले नाही. त्यांनी ते होकार समजून मान हलवली.

गुरुवारी सकाळी मी मामंजींसमोर कागद ठेवला. घर त्यांच्या नावावर. "माझ्या घराची पुढील पडवी शाखा डाकघरासाठी आणि लगतची खोली राहण्यासाठी कु. मयूरी बिराजदार यांना देण्यास माझी संमती आहे." खाली सहीची जागा मोकळी.

त्यांनी वाचलं. चष्मा काढला.

"सुगंधा, तुजं डोकं ठिकानावर हाय?"

"आहे."

"चाळीस वर्सं हितं शिक्का पडला. माज्यामागं तूच बसायची. मी गावकीत मान हलवली ती कुनासाठी?"

"माहीत आहे, मामंजी."

"मंग? अर्ज करू वर. साहेबाला भेटू. नऊ वर्सं हिनं काम केलान् म्हनून सांगू."

"कुठली नऊ वर्षं?"

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

ही गोष्ट तोवर आमच्या घरात मोठ्यानं कधी कोणी बोललं नव्हतं. नऊ वर्षांपूर्वी, महाशिवरात्रीच्या आठवड्यात, मामंजींचा उजवा हात थरथरायला लागला. आधी चमचा सांडायचा, मग सही वाकडी येऊ लागली. एका मनिऑर्डरच्या कागदावर सही जुळत नाही म्हणून तालुक्याहून विचारणा आली. दाखला मागतील, हात गेलेला दिसला की काढून टाकतील, हाती काही उरणार नाही, या धास्तीनं ते तीन रात्री झोपले नाहीत. नवरा मुंबईत, पगार जेमतेम. चौथ्या दिवशी मी वर्तमानपत्राच्या कडेला त्यांची सही गिरवायला बसले. 'गं' चा वळसा आणि 'शि' ची वेलांटी सोडली तर अवघड काही नव्हतं. चाळीस वेळा काढली. एकेचाळिसावी मामंजींनाही ओळखता आली नाही.

त्या दिवसापासून टपाल मी वाटलं, रजिस्टर मी लिहिलं, शिक्का मी मारला, पैसे मी मोजून दिले आणि सही त्यांची केली. खामकर येणार असले की कागद आधीच तयार असायचे, आणि मामंजी खुर्चीत बसून बोलायचे. बदलीचा फॉर्म एकदाही भरला नाही, कारण फॉर्म भरायचा तर आजार सांगावा लागला असता. परिणाम असा, की खात्याच्या दप्तरी गंगाराम शिवगण नऊ वर्षांत एकही दिवस गैरहजर नव्हते, आणि सुगंधा शिवगण नावाची बाई तिथं नव्हतीच. ती नऊ वर्षं मी मागायला गेले असते तर त्यांची चाळीस खोटी पडली असती. एकरकमी पैसे अजून हाती यायचे होते.

"नऊ वर्षं नाहीत माझ्याकडं," मी म्हटलं. "आणि मी ती मागतही नाही. पण पोस्ट गावातून गेलं तर दहावंही मिळणार नाही. मुलीशी माझं सकाळी बोलणं झालंय. एक अट घातलीय."

"कसली? भाडं?"

"भाडं तिला परवडेल ते. अट अशी, की रजा घेतली, अगदी एक दिवसाची, तरी कागदावर घ्यायची. बदलीच्या जागी माझं नाव. सही माझी."

"तेवढ्यानं काय मिळनार तुला? हक्क तर नाय."

"नाही."

"मंग?"

"नाव मिळेल."

कागद त्यांच्यापुढे तसाच होता. ते म्हणाले, "कर मंग सही. तुला येते माजी." आवाजात टोमणा होता, पण थकलेला.

खरं होतं. दोन सेकंदांचं काम. खामकर काय, कोणीही ओळखली नसती.

"नऊ वर्षं तुमची सही मी केली," मी म्हटलं. "ही एक तुम्ही करा."

त्यांनी पेन उचललं. हात कागदावर टेकेपर्यंत तीनदा हलला. मग पेन खाली ठेवून म्हणाले, "माजी खरी सही खामकरानं बघितली तर तुज्या सगळ्या सह्या उघड्या पडतील. इचार केलास?"

मी केला नव्हता. बाकी सगळ्याचा हिशेब मांडला होता. दिवसांचा, अर्जांचा, किलोमीटरांचा. हा राहून गेला होता. खरी सही केली तर अडकणार, खोटी मला करायची नव्हती.

"उद्या बघू," असं म्हणून ते उठून आत गेले. सहीची जागा कोरीच राहिली.

शुक्रवारी खामकर तीनला आले. रेनकोट खुंटीला अडकवला, शिल्लक मोजली, तिकिटं मोजली, मशीन तपासलं. मयूरी आणि तिचे वडील बाकावर ताठ बसले होते. बिराजदारांनी सामानाची पिशवी पायांमध्ये धरली होती, म्हणजे निघायचं झालं तर पटकन उचलता यावी.

"जागेचं काय झालं?" खामकरांनी विचारलं.

मयूरीनं माझ्याकडे बघितलं. मी मामंजींकडे.

मामंजींनी त्या दिवशी इस्त्रीचा सदरा घातला होता. ते खुर्चीतून उठले, संमतीचा कागद आणि चार्जचा कागद दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. मग शिक्क्याचं पॅड जवळ ओढलं, झाकण उघडलं, आणि डावा अंगठा त्यात दाबला.



हा माणूस आमच्या पंचक्रोशीत पहिला मॅट्रिक. चाळीस वर्षं याच पॅडवर यांनी म्हाताऱ्यांचे अंगठे धरून उमटवले होते, मग रॉकेलच्या चिंधीनं स्वतः पुसून दिले होते. 'सही शिका गो,' म्हणून प्रत्येकीला दर महिन्याला टोचायचे. त्यांनी संमतीच्या कागदावर अंगठा उमटवला. मग चार्जच्या कागदावर.

"मास्तर, हे काय?" खामकर म्हणाले. "तुम्ही अंगठा?"

"हात थरथरतो, साहेब. पेन धरवत नाय."

खामकरांनी गेल्या शनिवारचा हिशेब उलटून बघितला. तिथे 'गं' चा वळसा कसा सफाईदार गेला होता. "शनिवारी तर झकास आहे."

"शनिवारी बरा होता."

खामकरांनी हिशेब मिटला. पुन्हा उघडला. मागची दोन पानं चाळली. बाहेर पागोळ्या पडत होत्या, त्या मी अकरापर्यंत मोजल्या.

"निशाणी अंगठ्याला साक्षीदार लागतो," ते म्हणाले. "कोण?"

"मी."

त्यांनी पेन माझ्यापुढे केलं. "नाव लिहा. पूर्ण."

टेबलावर तेच पेन, तेच पॅड, तीच जागा. मी लिहिलं: निशाणी डावा अंगठा श्री. गंगाराम भिकू शिवगण यांची, समक्ष, सौ. सुगंधा दत्ताराम शिवगण. पोस्टाच्या कागदावर मी माझं नाव पहिल्यांदा लिहिलं. अक्षर लपवायचा विचार आला होता. लपवलं नाही.

खामकरांनी ते वाचलं. वाचायला लागतो त्यापेक्षा थोडा जास्त वेळ घेतला. मग दोन्ही कागदांवर तारीख-शिक्का स्वतः मारला आणि मयूरीकडे वळले. "बिराजदार, या. खुर्चीवर बसा. आणि बदली माणूस म्हणून कोणाचं नाव देणार, तेही आजच लिहून ठेवा."

"सुगंधा शिवगण," मयूरी म्हणाली. "पूर्ण नाव लिहिते."

बिराजदारांनी पिशवी पायांमधून काढून भिंतीशी ठेवली.

मयूरी पाच वर्षं राहिली, परीक्षा देऊन कारकून झाली आणि गेली. तिच्यानंतर नांदेडचा मुलगा आला, त्यानंही तीच पडवी घेतली, तीच अट. बदलीचे चौसष्ट फॉर्म झाले माझ्या नावाचे. त्यातून मला नोकरी मिळालेली नाही, मिळणारही नव्हती. त्या वर्षीच्या शिमग्याला पालखी आमच्या अंगणात थांबली नाही. पुढच्या वर्षी थांबली.

पण त्या शुक्रवारचं एक राहिलं. साडेचारला खामकर गेले. मी चिंधी रॉकेलमध्ये बुडवून मामंजींसमोर धरली. त्यांनी हात मागे घेतला. "ऱ्हाऊ दे," म्हणाले, आणि छत्री घेऊन पायरी उतरले. दोन्ही हातांनी धरूनही छत्री हलत होती. पडतील या भीतीनं मी मागोमाग गेले. एकशे साठ पायऱ्या ते कुठेही न थांबता चढले आणि रावजी गोताडांच्या घरापुढच्या खळ्यात जाऊन उभे राहिले.

रावजी बाहेर आले. "मास्तर, तुमी? ह्या पावसात?"

"पडवी दिली तिला," मामंजी म्हणाले. "सुनेनं नाय. मी दिली. पालखीचं काय असंल ते मला सांग."

रावजी काही बोलायला गेले आणि त्यांचं लक्ष छत्रीच्या दांड्यावर गेलं.

"अंगठ्याला काय झालं वो?"

मामंजींनी निळा अंगठा वर करून त्यांना नीट दिसेल असा धरला.

"सही केली," ते म्हणाले.